देव्हाऱ्यातला निळा वांडा

शिलाँगच्या रस्त्यावर एका बाईकडून मी ते ऑर्किड घेतलं, तेव्हा ते कायद्यात बसतं की नाही याची चौकशी कुठल्या शहाण्याने केली असती? जंगलातून ओरबाडलेलं आहे एवढं कळत होतं, कारण मुळांना सालीचे तुकडे चिकटलेले होते. साडीत गुंडाळून भोपाळला, बाग सेवनियातल्या आमच्या घरी आणलं, बाल्कनीत लाकडी टोपलीत टांगलं. इथल्या उन्हाळ्यात पोटच्या पोरासारखं जपलं. यंदा फुलं आली. निळी, तळहाताएवढी. मी आपली हरखून ऑर्किडवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळी झाले.

ग्रुप चालवणाऱ्या प्रसादचा लगेच फोन. "कल्पनाताई, आधी तो फोटो डिलीट करा. हा निळा वांडा आहे, संरक्षित. नर्सरीची पावती आहे?"

"रस्त्यावरची बाई कसली पावती देतेय रे?"

"मग परवान्याशिवाय ठेवणं गुन्हा आहे. घाबरू नका. वनविभागात जाऊन सरळ विचारू, मी येतो सोबत."

घाबरू नका म्हणे! त्याच आठवड्यात आमच्या अनिकेतचं पोलीस वेरिफिकेशन होतं. जिवाचं रान करून पोराने सरकारी नोकरी मिळवली, आणि आता आईवरच केस झाली तर त्याचं काय? आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "प्रसाद म्हणतोय तसं कर." यांना बोलायला काय जातंय? विचारायला जायचं म्हणजे आपण होऊन फासात मान द्यायची.

फोटो तेवढा डिलीट केला आणि सकाळी कात्री घेतली. पानं कापली, मुळं तोडली, सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकलं. रडू येत होतं. फुलांचा दांडा मात्र टाकवेना. तो देव्हाऱ्यात बाळकृष्णापुढे ठेवला. देवाच्या फुलांची चौकशी कोण करतंय, असं वाटलं.

दुपारी वेरिफिकेशनला हवालदार आला. भला माणूस होता. त्याने कागद पाहिले, शेजारच्या रेवतीची साक्षीदार म्हणून सही घेतली. आता जाईल म्हणून मी जरा श्वास सोडला, तर रेवती म्हणाली, "भाईसाब, इनके फूल देखे? पूरी कॉलनी देखने आती है."

तिने थेट देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. हवालदाराने बूट काढले, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि बराच वेळ फुलांकडे बघत राहिला.

"ऐसा नीला तो कभी नहीं देखा. कहाँ मिला, माताजी?"

"जवाहर चौक में," मी म्हणाले. देवासमोर, धडधडीत खोटं.

"घरवाली को दिखाऊँगा," म्हणत त्याने फोटो काढला. "सब ठीक है, बेटे की रिपोर्ट भेज देता हूँ. मार्कशीट की फोटो मेरे नंबर पर डाल देना."

संध्याकाळी मार्कशीट पाठवायला त्याचा नंबर सेव्ह केला, तर त्याचं स्टेटस दिसलं. आमचा बाळकृष्ण, पुढे निळी फुलं, आणि खाली लिहिलेलं: 'बाग सेवनिया में दर्शन. ये फूल कौन-सा है, कोई बताए.'

डिलीट करा म्हणावं, तर तो विचारणार, का? आणि काहीच न म्हणावं, तर कोणीतरी त्याला नाव सांगणारच. फोन हातात धरून मी तशीच बसलेय. अनिकेत स्वयंपाकघरातून विचारतोय, "आई, पाठवलंस का?"