रुमाल टाकून धरलेली खोली

तिला सगळे जागाबाई म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त नवऱ्याची, बाकीचे पाठीमागे. बस फलाटाला लागायच्या आत हिचा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असायचा. नाटकाला गेली तर शेजारच्या खुर्चीवर पर्स, त्यापलीकडे छत्री, आणि त्याच्याही पलीकडे नवऱ्याची चप्पल ठेवायला मागेपुढे बघायची नाही. कुणी भांडायला आलं की एकच उत्तर ठरलेलं, "माणूस येतंय." आणि माणूस यायचंच, कारण नाही आलं तर ही जाऊन त्याला दंडाला धरून आणायची.

पेशाने ती रुग्णालयात वॉर्डाची सिस्टर. आयुष्य खाटा लावण्यात गेलेलं, त्यामुळे कुठल्याही अंथरुणावर तिचा विश्वास म्हणून नव्हता. चादरीचा कोपरा उचलून बघायचा, उशी नाकाशी धरायची, गादीवर आडवं होऊन डोळे मिटायचे, आणि मग नाक मुरडून म्हणायचं, "ठीक आहे. अजून एक बघू." जन्मात एकदाही तिला खोली पहिल्या फटक्यात पसंत पडली नव्हती. मधुचंद्राला गेले तेव्हा नवरा बॅगा घेऊन रस्त्यात उभा आणि ही लॉजमागून लॉज पालथी घालतेय, ही गोष्ट तो अजून चवीने सांगे.

तर असं हे कुटुंब त्या सकाळी होडीतून बेटावर उतरलं. ती, घड्याळं दुरुस्त करणारा तिचा नवरा, आणि त्यांची एकुलती एक लेक. लेकीला दूरच्या देशात नोकरी लागली होती आणि पुढच्या महिन्यात ती कायमची जाणार होती. जाण्याआधी तिघांनी मिळून कुठेतरी जायचं, हा हट्ट जागाबाईचाच. जागाबाईने या विषयावर अजून डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. तिने मनात एवढंच ठरवलं होतं की हे दिवस लेकीला डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही.

लेकीने फोनवर खोल्या शोधून ठेवल्या होत्या. जागाबाईने त्या उडवून लावल्या होत्या.

"फोटोत काय, मीसुद्धा बरी दिसते. गादी फोटोत कळते का?"

"अगं आई, परदेश आहे हा. इथे कुणी दारोदार हिंडून खोल्या बघत नाही."

"मी बघते. तुम्ही दोघं बसा चहा पीत."

धक्क्यावर एक चहाचं दुकान होतं. बाहेर बाकडी, वर कापडी छत. नवऱ्याने बॅगा पायाशी घेतल्या आणि साखर जास्त घालून चहा मागवला. ऊन चढायला लागलं होतं, म्हणून जागाबाईने त्याची टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली, लेकीचा पिवळा स्कार्फ गळ्यात टाकला आणि रुमाल मुठीत धरून निघाली.

पहिलंच घर धक्क्याच्या समोर, वरच्या मजल्यावर. दार उघडणारी बाई उंच होती, केस घट्ट बांधलेली. हातवारे आणि इंग्रजीचे चार शब्द, एवढ्यावर दोघींचं भागलं. खोली बघून जागाबाई मनातल्या मनात गारच झाली. स्वच्छ फरशी, हवेशीर खिडकी, खिडकीतून खाली थेट ते चहाचं दुकान आणि बाकड्यावरची आपली माणसं. खाटेवरच्या चादरीचे कोपरे असे दुमडलेले, जसे ती नव्या मुलींना महिनाभर ओरडून शिकवायची. ती आडवी झाली आणि तिचे डोळे आपोआप मिटले. घरची गादीसुद्धा इतकी अंगाला लागत नव्हती.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण सवय ती सवय. तोंडातून निघालंच, "अजून एक बघते." घरमालकीण नुसती बघत राहिली. मग हातची जागा जायला नको म्हणून जागाबाईने गळ्यातला पिवळा स्कार्फ काढून उशीवर पसरला. सगळ्यात चांगली खोली लेकीच्या नावाने धरून ठेवलेली बरी.

"माणूस येतंय," ती मराठीतच म्हणाली.

घरमालकिणीने मान हलवली, जणू तिला नीट कळलं होतं.

दुसरं घर गल्लीच्या टोकाला होतं. तिथली मालकीण बुटकी आणि हसरी, पण खोलीला दमट वास आणि गादी मधोमध खचलेली. तरी हाताशी असू दे म्हणून जागाबाईने नवऱ्याची टोपी तिथल्या खाटेवर ठेवली. त्यानंतर ती उन्हातान्हात बेटभर हिंडली. एकीकडे नळाला पाणी नाही, एकीकडे खालीच सुतारकाम चाललेलं, एका घरात जिना इतका उभा की नवऱ्याचे गुडघे बोलले असते. रुमाल मात्र घाम पुसायला लागत होता, म्हणून तो तिने कुठे टाकला नाही. शेवटी पाय बोलायला लागले तेव्हा ती धक्क्यावर परतली.

नवरा बाकड्यावर बसला होता. समोरचा चहा तसाच, वर साय धरलेली.

"प्यायला नाहीत?"

"साखर घेतो का मी?" त्याने विचारलं.

ती हसली. याच्या विनोदांना असंच तोंड असायचं, सरळ. मग तिने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ बंद पडलं होतं आणि त्याला त्याचं काही नव्हतं. बंद घड्याळ दिसलं की हा माणूस जेवणावरून उठायचा. ती लेकीकडे वळली.

"यांच्याकडे लक्ष नाही का तुझं? ऊन लागलंय बाबांना."

लेक चटकन उठली आणि बाकड्यावर जागा करून देत अदबीने म्हणाली, "बसा ना काकू. तुम्ही दमलेल्या दिसताय."

लेक चेष्टा करत नव्हती. चेष्टा करताना तिची डावी भुवई उडते, ती जागची हलली नव्हती. चेहरा छान हसरा, परक्या बाईशी असावा तसा. जागाबाईने तिचं मनगट धरलं. नाडी होती, पण बोटांखाली इतकी हलकी की वॉर्डात तिने लगेच डॉक्टरांना हाक मारली असती.

"अगं, मी आई तुझी."

"हो का?" लेक सौजन्याने म्हणाली.

असल्या वेळी माणसं रडतात, ओरडतात. जागाबाईने लेकीचा मोकळा गळा पाहिला, नवऱ्याचं उघडं डोकं पाहिलं, आणि ती धावत सुटली.

दुसरं घर जवळ होतं म्हणून आधी तिथे. बुटक्या मालकिणीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच पडलेत."

खोलीत खाटेवर तिचा नवरा कुशीवर झोपला होता. टोपी छातीशी धरलेली, एक पाय चादरीबाहेर, जसा तो घरी झोपतो. तिने हात लावला. ऊब होती. खाली बाकड्यावर जे सापडलं नव्हतं, ते सगळं इथे होतं, अगदी घोरण्यासकट. सवय उपयोगी पडली.

"अहो, उठा! ही काय झोपायची वेळ आहे? खचलेली गादी आहे, पाठ धरेल!"

तो कुरकुरला, कूस बदलली, आणि तिने टोपी हिसकावून घेतली. खाट रिकामी होती. चादरीवर तेवढा खोलगटपणा, तोही बघता बघता वर आला.

"यांची झोप कच्ची होती," मालकीण खेदाने म्हणाली. "थोडा वेळ गेला असता तर छान लागली असती."

जिना उतरताना जागाबाईच्या लक्षात आलं की बाई जे बोलली ते सगळं आपल्याला कळलं, आणि त्या बाईला तर इंग्रजीसुद्धा येत नव्हतं.

पहिल्या घराचं दार उघडंच होतं. उंच घरमालकीण जिन्यात उभी होती, वाट बघत असल्यासारखी. जागाबाई तिला ढकलून वर गेली.

लेक खाटेवर गाढ झोपली होती. गाल गुलाबी, ओठ जरासे उघडे, लहानपणी ताप उतरल्यावर झोपायची तशी. पिवळा स्कार्फ उशीवर नव्हता. तो तिने केसांभोवती बांधून घेतला होता आणि गाठ घट्ट बसली होती. जागाबाईने हलवलं, हाका मारल्या, लाडाच्या आणि रागाच्याही. लेकीने झोपेत नुसता तिचा हात गालाखाली घेतला. त्या क्षणी जागाबाईला एक भयंकर गोष्ट वाटली, आणि वाटली ती वाटलीच: राहू दे इथेच. पुढच्या महिन्यात कुठे जायला नको, की काही नको. रोज येऊन बसता येईल उशाशी.

मग तिने खिडकीतून खाली पाहिलं. दुकानापाशी नवरा बाकड्यावर सावरून बसला होता, घड्याळ कानाशी धरून हलवत होता आणि दुसरा चहा मागवत होता. त्याच्याशेजारी लेक बसली होती, हात मांडीवर, समोर नजर, रिकामी. तिचे बाबा तिला काहीतरी सांगून हसवायला बघत होते आणि ती दर वेळी त्यांच्याकडे अदबीने मान वळवत होती.

"हिला सोडा," जागाबाई म्हणाली. "चुकलं माझं. आम्हाला नको खोली."

"जागा तुम्ही धरलीत," घरमालकीण शांतपणे म्हणाली. "माणूस येतंय म्हणालात. आलं. आता ही जागा रिकामी राहत नाही. बदली दिलीत तर देईन."

"म्हणजे कुणी?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

जागाबाईला फार विचार करावा लागला नाही, आणि याचा तिला स्वतःलाच राग आला, कारण ती काही त्यागमूर्ती वगैरे नव्हती. तिला घरी जायचं होतं. तिला लेकीला विमानतळावर सोडायला जायचं होतं, तिथे रांगेत भांडायचं होतं, रडायचंही होतं. तिने घामाने ओला झालेला रुमाल झटकला, त्याची नीट घडी केली आणि लेकीच्या उशाशी ठेवला. केसांतली गाठ आपोआप सैल झाली. तिने स्कार्फ ओढून घेतला आणि खिडकीतून खाली फेकला. तो वाऱ्यावर तरंगत बाकड्यापाशी जाऊन पडला. मागे वळली तेव्हा खाट रिकामी होती.

खाली लेकीने स्कार्फ उचलला, गळ्यात टाकला, आणि झोपेतून जागी झाल्यासारखी इकडेतिकडे बघायला लागली.

जागाबाई दाराकडे निघाली. उंबरठ्यापाशी पाय उचलेना. घरमालकीण मायेने म्हणाली, "आता कुठे जाता? पडा जरा." मग ती खिडकीशीच येऊन उभी राहिली. तिने हाक मारली. खालचं सगळं तिला ऐकू येत होतं, पण तिची हाक खाली गेली नाही.

सूर्य कलला होता. संध्याकाळची परतीची होडी धक्क्याला लागली होती.

"बाबा, इथे नको राहायला," लेक म्हणत होती. "मला बरं नाही वाटत इथे. जाऊ या परत."

"चल. मलाही काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय," नवरा बॅगा उचलत म्हणाला. मग थबकला. "ही तिसरी बॅग कुणाची?"

"आपलीच असेल."

दोघं होडीत चढली. वर उघड्यावर बाकं होती आणि गर्दी झाली होती. जागाबाई खिडकीचे गज घट्ट धरून बघत होती. लेक जागाबाईच्या खिडकीकडच्या बाजूला बसली. एक जाडा माणूस तिच्या शेजारी टेकायला आला, तशी तिने झटकन गळ्यातला पिवळा स्कार्फ काढला आणि शेजारच्या जागेवर टाकला.

"इथे जागा आहे," ती म्हणाली. "माणूस येतंय."

"कोण येतंय गं?" बाबांनी विचारलं.

लेक गोंधळली. तिचे डोळे भरून आले. "माहीत नाही, बाबा. पण येतंय. होडी सोडू देऊ नका."

खिडकीत जागाबाईला रडू फुटलं, महिनाभराचं साठलेलं. आणि रडता रडताच तिला अंगातून काहीतरी सुटून चालल्यासारखं वाटलं. गजांवरची बोटं हलकी झाली. पायातला दिवसभराचा ठणका गेला. खाली धक्क्यावरून एक बाई लगबगीने होडीकडे निघाली होती. चालणं ओळखीचं, लोकांना कोपराने बाजूला सारणंही ओळखीचं. ती फळीवरून वर चढली, गर्दीतून वाट काढत गेली आणि पिवळ्या स्कार्फवर जाऊन धपकन बसली.

"अगं आई, कुठे होतीस? जीव गेला माझा!" लेकीने तिला घट्ट मिठी मारली.

"खोल्या बघत होते. एकही धड नाही मेली," ती बाई म्हणाली, आणि लेकीच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. नवरा दोघींच्या पाठीवर थोपटत राहिला.

होडी सुटली. खिडकीतली बाई बराच वेळ बघत होती. छान कुटुंब दिसत होतं. त्या पिवळ्या स्कार्फवाल्या मुलीचं कुणीतरी यायचं होतं आणि ते आलं, हे बघून तिला बरं वाटलं, इतकं बरं की डोळ्यांना पाणी आलं. कशाचं, ते तिला आठवेना. होडी ठिपक्याएवढी झाल्यावर ती वळली, खाटेवर आडवी झाली आणि उशाशी घडी करून ठेवलेल्या रुमालाने तिने तोंड पुसलं.

दारातून घरमालकिणीने विचारलं, "खोली कशी वाटली?"

बाईने चादरीचा कोपरा चाचपला, उशी नाकाशी धरली, डोळे मिटले.

"पसंत आहे," ती म्हणाली. "आता दुसरी बघायला नको."