लग्नाचा दंड, वर्षाला अठराशे

लग्न करावं की नाही, हे बाईने एकसष्टाव्या वर्षी देवाला विचारावं, मुलांना विचारावं, फार तर डॉक्टरला विचारावं. मला ते मिरियमला विचारावं लागलं, आणि मिरियम आमचे टॅक्सचे कागद भरते.

२०१९चा मार्च होता. मी आणि आरिस तिच्या टेबलासमोर बसलो होतो. आरिस अडुसष्टचा. त्याने तीस वर्षं हायवेवर डायनर, म्हणजे साधी खानावळ, चालवली आणि गुडघे गेल्यावर विकली. मी इथल्या शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळते. त्याची बायको गेली, माझा नवरा गेला, आणि चार वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक घर घेतलं. आरिसच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधला ईस्टरचा सण झाला की मे महिन्यात लग्न, असं ठरलं होतं. मी मिरियमला आमंत्रणच द्यायला गेले होते. कागद हा नुसता बहाणा.

"अभिनंदन," मिरियम म्हणाली. मग चष्मा काढून म्हणाली, "पण करू नका."

"का गं? त्याच्यात काय खोट आहे?"

"त्याच्यात नाही, कायद्यात आहे. पूर्वी इथली घरपट्टी आणि राज्याचा कर भरला, की तेवढी रक्कम वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा, कर काढताना उत्पन्नातून वजा व्हायची. आता दहा हजारांच्या वर वजावट नाही."

"माहितीये. माणशी दहा हजार."

"एकट्या माणसाला दहा हजार. नवरा-बायकोला मिळूनही दहाच हजार."

मला वाटलं, ती चुकली. मिरियम चुकत नाही, हे मला वीस वर्षं माहीत आहे, तरी वाटलं. आमची नुसती घरपट्टी सतरा हजार डॉलर. न्यू जर्सीत ती काही राजवाड्याची घरपट्टी नव्हे. तीन खोल्या, एक गॅरेज आणि मागे आरिसचे टोमॅटो. अर्धी तो भरतो, अर्धी मी. वर राज्याचा कर. म्हणजे बिनलग्नाचे राहिलो तर दोघांची मिळून वीस हजार वजावट, आणि लग्न केलं तर दहा.

"म्हणजे लग्न लावलं की आमच्यातला एक जण गायब?" मी विचारलं.

"कागदावर तसंच. वर्षाला साधारण अठराशे डॉलर जास्त भरावे लागतील तुम्हाला."

आरिस कागद गोळा करायला लागला. पण त्याचा चेहरा मी ओळखते. अंड्यांचा भाव डझनामागे दहा सेंटने वाढला की डायनरमध्ये त्याचा तोच चेहरा व्हायचा.

गाडीत बसल्यावर त्याने तोंड उघडलं. "हालिना, एक वर्ष थांबू या. वॉशिंग्टनमध्ये वाद चाललाच आहे. उठवतील ती मर्यादा."

"आणि नाही उठवली तर?"

"आपण एकत्र राहतोच आहोत ना? एका कागदाने काय फरक पडतो?"

काय फरक पडतो! मागच्या हिवाळ्यात त्याचा धाकटा भाऊ गेला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर घरचे बसले. मी आरिसच्या मागून चालत होते, तर त्याच्या पुतणीने माझं कोपर धरलं आणि गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही इकडे बसा हं." मला चौथ्या बाकावर बसवलं, डायनरला टेबलक्लॉथ पुरवणाऱ्या माणसाशेजारी. पुढे आरिसचे खांदे हलत होते आणि मी तीन बाकं मागे हातात रुमाल घेऊन बसले होते. त्या मुलीची चूक नाही. मी कोण होते? मैत्रीण. साठीतल्या बाईला मैत्रीण म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला हसू येतं. उद्या याच्या अंत्यविधीला मी चौथ्या बाकावर बसणार नाही, एवढंच मला हवं होतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मी इतक्यात मरत नाही." म्हणजे विषय संपला.

तरी मी त्याला ओढत नगरपालिकेत नेलं आणि लग्नाचा परवाना काढला. परवाना तीस दिवस चालतो. त्याने तो फ्रिजवर चुंबकाने लावला आणि त्यानंतर रोज तेच दार उघडून दूध काढत राहिला. मे उजाडला. आज गुडघा दुखतोय, उद्या मुलगा येतोय, परवा बातम्यांत सांगितलं की नवा ठराव येतोय. सत्तावीस दिवस गेले.

अठ्ठाविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, आमचे खासदार अग्निशमन केंद्रात लोकांना भेटायला आले. विषय हाच, कराची वजावट. मी परवाना फ्रिजवरून काढून पर्समध्ये टाकला आणि आरिसला म्हणाले, "चल. ज्याच्या भरवशावर थांबलायस, त्याला एकदा बघून तरी घे."

बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारी डोनट आणि पाणचट कॉफी. मंचावर खासदार आणि आमच्या मेयर कॉनर्सबाई. खासदार देखणा माणूस, बाह्या दुमडलेल्या, प्रत्येक प्रश्नाला आधी मान हलवणारा. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "साहेब, एवढंच सांगा, आम्ही दोघं म्हणजे एक माणूस की दोन?"

लोक हसले. तोही हसला. उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला.

"मी किती माणसं आहे ते पण विचार गं!" ती ओपल होती, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. "मी भाड्याने राहते. घरमालक घरपट्टी माझ्या भाड्यातून काढतो. मला वजावट शून्य. तुमचं दहा हजारांचं रडगाणं किती दिवस ऐकायचं? मर्यादा उठली तर सगळ्यात जास्त फायदा त्या टेकडीवरच्या बंगलेवाल्यांचा."

माझे कान तापले. राग आला, आणि ती खोटं बोलत नव्हती म्हणून जास्तच आला. "बंगलेवाल्यांना नका देऊ!" मी ओरडले. "पण दोन माणसांना दोन मोजा. त्याला काय पैसे पडतात?"

"पडतातच, ताई," खासदार मवाळपणे म्हणाला. "पण मी तुमच्या बाजूने लढतोय. थोडं थांबा. पुढच्या वर्षी नक्की."

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. आरिस उठला होता.

"थांबा?" तो म्हणाला. "थांबा म्हणायला तुमचं काय जातं? मी अडुसष्टचा आहे. तुमचं पुढचं वर्ष आलं तर तुम्ही निवडणुकीला उभे राहणार. माझं आलंच नाही, तर हिला चौथ्या बाकावर बसवतील." मग तो माझ्याकडे वळला. "तो कागद आणलायस ना? दे इकडे. मेयरबाई, तुम्ही लग्नं लावता ना?"

"लावते," कॉनर्सबाई म्हणाल्या. "दोन साक्षीदार लागतील."

"एक हे साहेब," आरिस म्हणाला. "कायदा यांच्याकडचा आहे, त्यांनीच सही करावी."

आता खासदाराला हुरूप आला. तो लगबगीने खाली उतरला, कोट चढवला, बाह्या सारख्या केल्या. त्याच्या हाताखालच्या मुलीने फोन वर धरला. "जरा जवळ या, केक असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

माझा पारा चढला आणि मी परवाना मागे ओढला. "फोटो नाही," मी म्हणाले. "सही करा. फोटो हवा असेल तर अठराशे डॉलर. दर वर्षी."

त्याने त्या मुलीकडे पाहिलं, मुलीने घड्याळाकडे. पुढच्या गावची सभा होती, उशीर होत होता, त्याला फार वाईट वाटत होतं. आमच्या दोघांचे हात दाबून तो बाजूच्या दाराने गेला. पेन उघडंच होतं, आणि त्या सगळ्या खुर्च्यांमध्ये कोणी हलेना. अग्निशमन दलाचा प्रमुख पुढे आला आणि त्याने सही केली. दुसरी जागा रिकामी.

"हात् तिच्या!" ओपल रांगेतून वाट काढत आली. "तुझ्या घराचं मला काही पडलेलं नाही, हालिना. घरमालकांची बाजू मी जन्मात घेणार नाही. पण माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या वेळी मला दवाखान्याच्या बाहेर बसवलं होतं. आमचा कागद झाला नव्हता." तिने पेन घेतलं, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. "जा, बस पहिल्या बाकावर."