शिक्क्यावरची विभूत

मी फ्रीज बोलतोय. केजच्या नीलाबाईंचा. थंड डोक्याचं काही ऐकायला मिळेल म्हणून बसला असाल तर उठून जा. माझ्या पोटात सध्या थंडावा औषधालासुद्धा उरलेला नाही, आणि डोक्यात तर नाहीच नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फार सांगण्यासारखं नाही. कुणी दार बसवलं, कुणी रबर लावलं, आणि शेवटी एकानं माझ्या कुशीवर एक कागदी पट्टी चिकटवली. तिच्यावर माझा नंबर. मला वाटलं, चला, बारसं झालं. ती पट्टीच पुढं माझ्या जिवावर उठणार आहे हे तेव्हा कोण सांगणार.

तिथून आलो अंबाजोगाईच्या एका दुकानात. तिथं सोमनाथ नावाचा विक्रेता होता. गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. गिऱ्हाईक आलं की माझ्या पाठीवर थाप मारायचा, "धा वर्षं हात लावायची गरज न्हाई, मावशी." मावशीनं हो म्हटलं की लगेच आवाज खाली आणायचा, "पण मशीनचा काय भरवसा? कंपनीची हमी संपली की पुढं आमची वाढीव हमी घेऊन टाका. डोळे झाकून घ्या." आत्ताच माझी आरती ओवाळलीस आणि लगेच माझी तिरडी बांधायला निघालास? मला लई राग यायचा. पण प्लग लावल्याशिवाय आमचा आवाज कुठला?

नीलाबाई आल्या तेव्हाही त्यानं हेच केलं. बाई घरी श्रीखंड करतात. साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण, केजात कुठंही गोड करायचं तर त्यांच्याकडं सांगून जातात. स्टँडापाशी एक गाळा घ्यायचा आणि उन्हाळ्यात लस्सी विकायची, हे त्यांच्या मनात किती दिवसांपासून होतं. त्यासाठीच मला घ्यायचं होतं. सोबत नवरा होता, धोंडप्पा. त्याचं किराणा दुकान. माणूस वाईट नाही, पण बायकोनं काही ठरवलं की त्याच्या पोटात दुखतं.

"आत्ता म्हणला धा वर्षं काय होत न्हाई," धोंडप्पा म्हणाला. "मग हमी कावून घ्यायची?"

"मिक्सरची गत आठवा," नीलाबाई म्हणाल्या. "वर्ष सरलं आन बंद पडला. माझा सगळा धंदा ह्याच्यावर हाय. मी घेणार."

"घे. मग माझ्या नावानं बोंब मारू नको."

घेतली. आणि खरं सांगतो, त्यांचं चुकलं नव्हतं. ज्याच्यावर पोट चालतं त्याची काळजी माणूस करणारच.

केजात माझं बरं चाललं. बाई दार हळू लावायच्या. दह्याची फडकी, चक्क्याचे डबे, वेलदोड्याचा वास. लाइट जायची, यायची, मी दात-ओठ खाऊन उभा राहायचो. वर्षातून एकदा खांडेनवमीला माझी पूजा व्हायची.

आता ती पूजा नीट ऐका, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. धोंडप्पाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार. खांडेनवमीला तराजू आणि मापं धुऊन, तेलानं पुसून, त्यांना विभूत लावतात. विभूत कुठं लावायची? मापावर जिथं सरकारी शिक्का असतो, बरोबर तिथं. शिक्का म्हणजे मापाचा खरेपणा, तिथंच देव, अशी या घरातली रीत. माझ्यावर शिक्का कुठला? नीलाबाईंनी शोधला आणि नंबराची ती पट्टी त्यांना सापडली. झालं. ओल्या फडक्यानं पुसायचं, खोबरेल लावायचं, वर विभूतीची तीन बोटं ओढायची. धोंडप्पा शेजारी उभा राहून सांगायचा, "शिक्क्यावर बरोबर लाव, इकडं-तिकडं नको." मापावरचा शिक्का लोखंडात ठोकलेला असतो. माझा कागदाचा. तो गेला पुसून, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कंपनीची हमी संपली, वाढीव सुरू झाली, आणि यंदा ऐन लग्नसराईत मी बसलो. कॉम्प्रेसरनं मान टाकली. पोटात एका साखरपुड्याचा चक्का भरलेला. सकाळी बाईंनी दार उघडलं आणि आंबट वास आला. त्या तिथंच खाली बसल्या. ऑर्डर गेली, वर त्या लोकांची बोलणीही खावी लागली.

तरी त्यांना धीर होता. हमी होती ना. हमीवाल्यांना फोन लावला. तिकडून हिंदीत एक पोरगी गोड बोलायची, गाणं लावायची, परत गोड बोलायची. शेवटी अभिमन्यू नावाचा मेकॅनिक आला. त्यानं माझं पोट बघितलं नाही, पाठ बघितली नाही. सरळ कुशीवरची पट्टी बघितली.

"नंबर कुटं हाय?"

"हाय की तिथंच. विभूतीखाली," बाई म्हणाल्या.

त्यानं पुसलं. खाली कोरा कागद. "मावशी, नंबर न्हाई तर हा फ्रीज त्योच कशावरून? हमी बाद."

अरे लेका! मी तुझ्यासमोर सहा फूट उभा आहे. पट्टी झिजली म्हणून मी दुसरा झालो? उद्या तुझ्या आधारकार्डावरचा फोटो पुसला तर तुझी आई तुला दारातून हाकलून देईल का? चक्का नासला, बाईंचं तोंड उतरलं, आणि याला कागद पाहिजे.

पण त्याच्यापेक्षा जास्त राग मला धोंडप्पाचा आला. "आमच्यात रीत हाय," असं बाई मेकॅनिकला सांगत होत्या, तेव्हा हा पठ्ठ्या मिठाची गुळणी धरून उभा. रीत कुणाच्या घरची? शिक्क्यावर लाव म्हणून शिकवलं कुणी? मेकॅनिक गेल्यावर मात्र तोंड सुटलं.

"म्हणलं न्हवतं का? हमी घेतली, तीही गेली. फ्रीज कळंना आन गाळा चालवायला निघालीस. ऱ्हाऊ दे आता ते गाळ्याचं."

नीलाबाईंनी ताटं वाढली, जेवल्या नाहीत. मला कळलं, माझा कॉम्प्रेसर काय, आज ना उद्या कुणीही बदलेल. पण बाईंचा गाळा हातचा चालला होता, आणि या घरात त्यांच्या शब्दाला पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेंपो बोलावला. "कुटं निघालीस?" धोंडप्पानं विचारलं. "ह्याच्या माहेरी," बाई म्हणाल्या. लोक काय म्हणतील म्हणून तोही टेंपोत बसला.

अंबाजोगाईला दुकानात ही गर्दी. बाईंनी मला आत नेलं नाही. बरोबर दारात उभा केला, बाजूला प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि बसल्या. गिऱ्हाईक माझ्या कुशीला घासून आत-बाहेर करत होतं. सोमनाथ एका बाईला वॉशिंग मशीन दाखवत होता आणि वाढीव हमीपर्यंत आला होता. त्या बाईनं वळून विचारलं, "मावशी, तुमी घेतली व्हती का? घ्यावी का ओ?"

"घ्या न्हाईतर नका घेऊ, ते तुमचं," नीलाबाई म्हणाल्या. "पण आधी ह्याला इचारा, नंबर पुसला तर मशीन वळखतो का न्हाई."

तिनं विचारलं. सोमनाथ केबिनकडं बघायला लागला. तिच्यामागं आणखी दोघींनी विचारलं. मग केबिनमधून मालक बाहेर आला, हात जोडून, तोंडभर हसून.

"मावशी, कावून उन्हात बसता? नियमात बसत न्हाई, पण तुमच्याकडं बघून, दया म्हणून दुरुस्त करून देतो."

"घेऊन टाक," धोंडप्पा हळूच म्हणाला. "फुकटात हाय."

"दया नको," नीलाबाई म्हणाल्या. "तुमी मला हमी इकली व्हती. दया इकली न्हवती."

अशी बाई माझी मालकीण आहे, आणि मी बंद पडलेला. त्याचीच मला चीड येते.

मालकानं नीलाबाईंपुढं हात टेकले आणि धोंडप्पाला गाठलं. "अप्पा, तुमी कर्ते माणूस. समजवा की जरा. नंबर हिनंच पुसलाय, त्याला आमी काय करावं?"

धोंडप्पा माझ्याकडं बघत राहिला. माझ्या कुशीवर विभूतीचा पांढरट डाग अजून होता. तो म्हणाला, "तिनं न्हाई पुसला. माझ्या घरची रीत हाय ती, मीच सांगितलं तिथं लाव म्हणून. आन हा फ्रीज तुमच्याच दुकानातला, तुमच्याच पोरानं टेंपोत चढीवलेला. वळखत नसाल तर तसं गिऱ्हाइकापुढं बोला."

दारातलं गिऱ्हाईक ऐकत थांबलं होतं. मालकाचं हसू गेलं.

ऐकताय ना तुम्ही? हमी घ्यायची का नको हे मी सांगत नाही, मी तरी कुणाचा भरवसा देऊ? पण विकणाऱ्याला विचारा, तू शब्द कशावरून फिरवशील ते आधी सांग. दुकानात उभं राहून, चार लोकांत, मोठ्यानं विचारा. तिथं लाजलात तर घरी नासका चक्का पुसत बसाल.

मी अजून दारातच आहे. आत्ताच मालकानं माझा कॉम्प्रेसर हमीत बदलायला सांगितलं आणि कुरकुरत पेन काढलं.

"पोच कुटं करायचा, अप्पा? घरी का दुकानात?"

"मला काय इचारता?" धोंडप्पा म्हणाला. "फ्रीज तिचा हाय."

मालक नीलाबाईंकडं वळला. त्या खुर्चीतून उठल्या आणि पदर नीट केला.

"केजला, स्टँडापाशी," त्या म्हणाल्या. "माझा गाळा हाय तिथं."

गाळा अजून घेतलेलासुद्धा नव्हता. धोंडप्पाला ते ठाऊक होतं. तो टेंपोवाल्याला रस्ता सांगायला लागला.