दादांच्या हातचा लॅपटॉप

आमच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी दादांच्या हातात द्यायची, असा नियम आहे. दादा म्हणजे माझे थोरले दीर. किहीमची ही नारळी-पोफळीची वाडी तेच बघतात, आणि वाडीबरोबर आम्हालाही बघतात. पंप असो, मिक्सर असो, खोक्यातून निघाला की दादांकडे. दादा तो उलटा करणार, खालचे स्क्रू निरखणार, 'हं' म्हणणार आणि मग त्यात काहीतरी सुधारणा करणार. नव्या पंपात त्यांनी स्वतःच्या हाताने ग्रीस भरलं, तो त्या दिवसापासून दमेकऱ्यासारखा खोकतोय. मिक्सरचं झाकण घट्ट बसतं म्हणून घासून सैल केलं, तर पहिली चटणी भिंतीला लागली. दर वेळी निष्कर्ष एकच, पीसच खराब होता. देशातले सगळे खराब पीस कंपन्या वेचून वेचून किहीमला पाठवतात असं दिसतं.

तर माझा लॅपटॉप शुक्रवारी आला तेव्हा दादा अलिबागला कोर्टाच्या तारखेला गेले होते. मी तो कुणाच्याही हातात न देता उघडला आणि चालू केला. चालू झाला, बिचारा. नाव विचारलं, भाषा विचारली, वाय-फाय जोडलं. मी माझ्या जुन्या शाळेतल्या सहकारी क्रांतीला व्हिडिओ कॉल लावला. ती अलिबागला आईबरोबर राहते. ती म्हणाली, "पद्मा, तुझ्या मागच्या भिंतीवरची पाल दिसतेय, इतकं स्वच्छ आहे." ज्या कामासाठी लॅपटॉप घेतला त्याचं ॲपसुद्धा मी उतरवून पाहिलं. झकास चाललं.

काम सांगते. मी गणिताची शिक्षिका. निवृत्त झाले तेव्हा नारळ, शाल आणि भाषणं मिळाली, आणि त्यानंतर 'चहा टाकतेस का' याखेरीज मला कुणी काही विचारलेलं नाही. पुण्याची एक संस्था ऑनलाइन शिकवण्या घेते. त्यांना गणिताला माणूस हवं होतं. रविवारी चार वाजता माझा नमुना पाठ होता. तो पसंत पडला तर काम माझं, नाहीतर मागे रांग होतीच. मला पुन्हा शिकवायचं होतं, दुसरं काही नको होतं. पोरं चुकीचं उत्तर ठासून सांगतात ना, ते ऐकायला माझे कान आसुसले होते.

शनिवारी दादांना लॅपटॉप दिसला. आधी त्यांना वाईट वाटलं. दादांना वाईट वाटलं की ते बोलत नाहीत, नुसते सुपारी कातरतात. मग म्हणाले, "फॉरमॅट मारलाय का?"

मी म्हटलं, "दादा, तो नवा आहे."

"नव्यालाच मारायचा असतो. कंपनी आत काय काय भरून देते. फॉरमॅट मारल्याशिवाय कॉम्प्युटर वापरायचा नसतो, विहंगला विचार."

विहंग म्हणजे दादांचा मुलगा. नवी मुंबईत एका कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे असं आमच्याकडे सांगतात. तिथे तो खुर्च्या आणि टेबलं पुरवतो, हे आमच्याकडे सांगत नाहीत. शनिवारी दुपारी मांडव्याला बोटीने उतरून रिक्षाने आला. तिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, गळ्यात पेनड्राइव्ह. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तसा हा पेनड्राइव्ह लावून हिंडतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते ह्याला पाहिल्यावर कळतं.

मी मागच्या पडवीत वाल सोलत बसले होते. बिरडं विहंगलाच आवडतं म्हणून. वाल सोलून होईतो ओटीवर माझ्या लॅपटॉपचा निकाल लागला होता. मी हात पुसत बाहेर आले तर दादा, विहंग आणि आमचे हे, तिघे वाकून बघत होते. हे म्हणजे माझे यजमान. दादांचे धाकटे भाऊ. आयुष्यभर धाकटेच.

"नवीन विंडोज अगदी फालतू येतं, काकू," विहंग म्हणाला. "काढून टाकलं. जुनं टाकलंय, फुल व्हर्जन. एकदम मख्खन."

मख्खन कसलं, खरवडही नव्हती. अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली होती. बोट फिरवायच्या चौकोनावर बोट झिजवलं तरी बाण हलत नव्हता. आवाज नाही, कॅमेरा नाही, वाय-फायची तर खूणसुद्धा नाही. विहंगने एक यादी उघडली, तिच्यात ओळीने पिवळे त्रिकोण. प्रत्येक त्रिकोण म्हणजे लॅपटॉपचा एक अवयव, जो आता कुणाला ओळखत नव्हता.

"ड्रायव्हर गेलेत," विहंग म्हणाला.

यावर दादांनी एक विनोद केला. तो मी सांगत नाही. तुमच्या मनात आला तोच.

ड्रायव्हर म्हणजे काय ते मी विहंगकडून समजून घेतलं नाही, फोनवर वाचून घेतलं. प्रत्येक भाग कसा चालवायचा हे यंत्राला सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. कंपनीने ते सगळे नीट बसवून दिले होते. ह्या शहाण्याने मूळ विंडोजबरोबर ते पुसले आणि वर जुनं, चोरीचं विंडोज आणून बसवलं. नवी सून घरात आली आणि सासऱ्याने तिला स्वतःचं नावच विसरायला लावलं, तशातली गत.

मग उपचार सुरू झाले. विहंगच्या पेनड्राइव्हवर म्हणे जगातल्या सगळ्या लॅपटॉपचे ड्रायव्हर होते. त्याने ते सगळेच ओतले. पडदा निळा झाला. बंद करून चालू केला, परत निळा. "होतं असं," विहंग म्हणाला. दादा म्हणाले, "थंड होऊ दे." लॅपटॉप थंड होऊ दिला. विहंगने परत फॉरमॅट मारला. परत पिवळे त्रिकोण. वाय-फायचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायला हवा आणि इंटरनेटसाठी वाय-फाय हवं, इथपर्यंत विहंग आला आणि घाटात बंद पडलेल्या एसटीसारखा तिथेच उभा राहिला. जेवायची वेळ झाली तेव्हा त्याने निदान केलं.

"पीस डिफेक्टिव्ह आहे, काकू. परत करून टाक."

"मी म्हणालोच होतो," दादा म्हणाले. म्हणाले नव्हते.

बिरडं मात्र तिघांनी मागून मागून खाल्लं. मी ह्यांना आत बोलावून म्हटलं, "उद्या चार वाजता माझा पाठ आहे. दादांना सांगा, आता त्याला हात लावू नका." हे म्हणाले, "बघतो." ह्यांचं बघतो म्हणजे काय ते मला लग्नापासून माहीत आहे. तरी मला ह्यांची कीव आली. दादांपुढे ह्यांची जीभ टाळ्याला चिकटते, त्याला ते तरी काय करणार, असं मी त्या दिवसापर्यंत धरून चालले होते.

रविवारी सकाळी बापलेक समुद्रावर फिरायला गेले आणि हे त्यांच्या चपला धरल्यासारखे मागे गेले. मी लॅपटॉप घेऊन बसले. फोन वायरने जोडला आणि फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. एवढंच करायचं होतं. खोक्यात आलेल्या कागदावर लिहिलेलं नाही, पण ज्याला वाचता येतं त्याला फोनवर दोन ओळींत सापडतं. लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर कंपनीच्या साइटवर घातला, तर त्याचे सगळे ड्रायव्हर ओळीने समोर आले. विहंगचा जुना माऊस लावून मी एकेक उतरवत गेले. आधी मुख्य चिपचा, मग वाय-फायचा, मग आवाजाचा, मग कॅमेऱ्याचा. एकेक पिवळा त्रिकोण मावळत गेला. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला अपूर्णांक कळतो तेव्हा त्याचा चेहरा असाच एकेक आठी सोडत जातो. मी क्रांतीला कॉल लावला. आवाज गेला, चेहरा गेला. मला एकटीलाच हसू येत होतं.

मंडळी परतली. दादांनी चालू लॅपटॉप पाहिला आणि मान डोलावली.

"काल विहंगने टाकलं ते आता लागू पडलं. या गोष्टींना वेळ द्यावा लागतो."

 विहंग चहाला बिस्कीट शोधत होता. मीही वाद घातला नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मला त्या दिवशी वेळ नव्हता. संस्थेचं ॲप परत उतरायला लावलं आणि जेवणं आटपली.

साडेतीनला लुगडं बदलून, केस नीट करून बसले. ॲप उघडलं. ते म्हणालं, हे विंडोज जुनं आहे आणि अस्सल नाही, यावर मी चालणार नाही. परत उघडलं, परत तेच. संस्थेच्या रचना मॅडमना फोन केला. पोरगी गोड होती, पण नियम म्हणजे नियम. फोनवरून पाठ चालत नाही, कारण फळा त्या ॲपमध्येच असतो. "उद्या दुपारी बाराला शेवटची जागा आहे, मॅडम. तोवर लॅपटॉप नीट झाला तर या. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. मी ओटीवर गेले. दादा आत आडवे झाले होते. विहंग झोपाळ्यावर होता, हे खुर्चीत. मी विहंगला म्हटलं, "सगळं पुसायच्या आधी मला एका शब्दाने विचारता आलं नाही तुला? वस्तू माझी होती. मी पलीकडे वालच सोलत होते, परदेशी गेले नव्हते."

विहंग उठून बसला. लाल झाला होता. "काकू, मी विचारलं होतं."

"कुणाला?"

"काकांना. मी म्हटलं, यात काकूचं काहीतरी ॲप दिसतंय, तिला विचारून येऊ का? तर काका म्हणाले, तिला कशाला विचारतोस, दादा म्हणतोय ना, मार."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे वाडीकडे बघत होते, जणू नारळ पहिल्यांदाच पाहत होते.

"खरं आहे?"

"दादांना वाईट वाटलं असतं," हे म्हणाले. "तू त्यांना न दाखवता उघडलास. वर तुला विचारलं असतं तर ते दिवसभर बोलले नसते. तुला पाठ काय, परत देता येईल."

मला विहंगचा राग आला होता तो त्या क्षणी विझला. ते बापडं निदान विचारायला उठलं होतं. दादांचाही गेला. ते जन्मापासून तसेच. पण ह्यांना माझा पाठ कधी आहे ते माहीत होतं. शुक्रवारी रात्री मी ह्यांच्यापुढेच तालीम केली होती, ह्यांनी 'छान' म्हटलं होतं. एवढी वर्षं मी ह्यांना बिचारे म्हणत आले, आणि ह्यांनी त्या बिचारेपणावर संसार केला. सगळी हयात मूग गिळून बसले आणि दर वेळी पोट माझं दुखलं. लॅपटॉप पिशवीत घातला, दोन कपडे घेतले आणि रिक्षाने चोंढीला, तिथून अलिबागला क्रांतीकडे गेले.

क्रांतीकडे चांगलं इंटरनेट आहे आणि सल्ला देणारं कुणी नाही. विहंगचं चोरीचं विंडोज आम्ही दोघींनी उपटून टाकलं आणि कंपनीच्या साइटवरून मूळचं परत आणलं. विंडोजचा परवाना यंत्राच्या पोटातच असतो, तो विहंगच्या बापालाही पुसता आला नव्हता. त्याने आपोआप ओळख दिली. ड्रायव्हर आता मला पाठ होते. सोमवारी बाराला मी अपूर्णांकाने भागताना खालची संख्या वर का जाते, ते शिकवलं. समोर परीक्षक म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी मुद्दाम चुकीचं उत्तर ठासून सांगितलं. मला रडूच यायचं बाकी होतं. संध्याकाळी रचना मॅडमचा फोन आला. पुढच्या सोमवारपासून वर्ग माझा.

मंगळवारी घरी आले. दादा ओटीवर पेपर वाचत होते, हे शेजारी बसले होते. विहंग पहिल्या बोटीने गेला होता. दादांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं.

"ये. क्रांतीच्या आईचं आता कसं आहे?"

मला काही कळेना. "त्यांना काय झालंय?"

"हा म्हणाला, त्यांना अचानक दवाखान्यात हलवलं, म्हणून तू सोबतीला धावलीस. दोन दिवस माझ्या जिवाला घोर होता."

हे पेपरच्या शेवटच्या पानावर वाकले होते.

"क्रांतीची आई ठणठणीत आहे, दादा," मी म्हटलं. "आज सकाळी त्यांनी मला पोहे करून घातले. मी पाठ द्यायला गेले होते. मला काम मिळालंय. इथून का गेले, ते ह्यांना विचारा. ह्यांना सगळं माहीत आहे."

दादांनी पेपराची घडी घातली आणि धाकट्या भावाकडे वळून बसले. मी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि दोघांच्या समोर बसले. मला कसलीच घाई नव्हती.