चालतं म्हणणाऱ्या ताईची कुबडी

मी एक जुनी कुबडी आहे, आणि मित्रांनो, सध्या मी फार रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. आज ते जमेलसे वाटत नाही.

मला एका सुताराने चिवट लाकडातून घडवले. वर काखेत बसेल अशी गादी, मध्ये मूठ, खाली रबरी टोपी. "वीस वर्षं बघायला नको," असे तो म्हणाला होता. आता बावीस झाली. सात टोप्या झिजल्या, गादी तीनदा बदलली, मालकीण मात्र एकच राहिली. तिची वहिनी तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताईचा डावा पाय लहानपणीच्या आजारात गेला. म्हणजे आहे, पण कामाचा नाही. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. कड थोडी घासायची, डोळ्यांसमोर धरायची, पुन्हा घासायची. तिने बसवलेली काच निसटल्याची तक्रार आजवर आलेली नाही.

तिला एकच खोड होती. कशालाही "चालतं" म्हणायचे. चहा गार आला, चालतं. दुकानातले स्टूल डुगडुगते, चालतं हो. चालत नव्हते ते फक्त मला कळायचे, कारण तिचा सगळा भार माझ्यावर असायचा.

मी बावीस वर्षे इमाने इतबारे टेकू दिला, पण त्याच वर्षांत तिचा उजवा खांदा माझ्यामुळेच झिजला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "कुबडी सोडा, चाकांची खुर्ची घ्या. नाहीतर हातही जाईल." हात गेला की काचा घासणे संपले. मला वाईट वाटले, पण डॉक्टरांचे पटले. अपंगांसाठीची करसवलत मिळाली तरच खुर्ची परवडणार होती, म्हणून ताईने अर्ज भरला आणि डॉक्टरांचा दाखला जोडला.

महिन्याभराने कचेरीतून कारकुनाचा फोन आला. ताईच्या हातात काच होती, म्हणून तिने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला होता.

"कुबडीनं चालतं ना तुमचं?"

"चालतं हो," ताई म्हणाली.

मग पत्र आले. 'अर्जदारास कुबडीने चालता येते, असे तिने स्वतः सांगितले आहे. सबब अर्ज नामंजूर.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय एकच आणि तोही रबराचा, तरी गेली! माणसे सवयीने बोलतात तो शब्द उचलून तिच्याच गळ्यात अडकवला होता. डॉक्टरांचा दाखला तर कोणी उघडूनही पाहिला नसावा.

वहिनी ताईला घेऊन कचेरीत गेली. कारकून दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. पायऱ्या चव्वेचाळीस. प्रत्येक पायरीवर ताईच्या खांद्याची कळ माझ्या गादीत उतरत होती. वर पोचेपर्यंत ती घामाने निथळली होती.

कारकुनाने तिला नीट न्याहाळले. "जिने चढून आलात?"

"मग काय उडत येणार होत्या?" वहिनी म्हणाली.

"नाही, म्हणजे चालता येतं की!"

ऐकलेत, मित्रांनो? आली नसती तर फोनवरच्या एका शब्दावरून अर्ज बाद, आणि आली तर चालता येते म्हणून बाद! रडावे की त्याच्या पायावर टेकावे, मला कळेना.

"अहो, फोनवर मी तसलं चालतं म्हटलं नव्हतं," ताई समजावू लागली. "आपलं भागतंय, एवढंच."

"आता नोंद झाली ना बाई. पुढच्या वर्षी नवा अर्ज करा. चालेल ना?"

ताईचे ओठ सवयीने उघडले. तो शब्द अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात माझ्या मुठीवरची तिची बोटे आवळली गेली, इतकी की मी करकरले.

"नाही," ती म्हणाली. "मला चालत नाही."

कारकुनाचे पेन थांबले.

"लिहा की. दोन्ही अर्थांनी लिहा. आणि दाखला माझ्यासमोर वाचा, मोठ्यानं. तोवर मी इथून हलत नाही. तसंही मला लवकर हलता येत नाही."

वहिनीने शेजारची खुर्ची ओढून ताईला बसवले. कारकुनाने फाइल शोधली, दाखला काढला आणि वाचला. वाचताना त्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. मग जुनी नोंद खोडून त्याने नवी लिहिली आणि अर्ज फेरतपासणीला पाठवला. निकाल अजून आलेला नाही. ताई दर सोमवारी फोन करते. दुकानातले स्टूलही तिने बदलून घेतले आहे.

मित्रांनो, कोणाला "चालतं ना?" असे विचाराल, तेव्हा उत्तर ऐकायला थांबा आणि त्या माणसाकडे बघा. एवढे तर कोणालाही जमेल.

आणि एक मागणे माझ्यासाठी. जुन्या वस्तू विनवतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी उलट सांगते. मला टाका. माळ्यावर टाका, कोळ्यांना जाळी विणू द्या, माझे नावसुद्धा काढू नका. बावीस वर्षांत मी स्वतःसाठी काही मागितलेले नाही. ताईची खुर्ची लवकर येऊ द्या आणि मला टाकून द्या.