निळ्या तुकड्यावरचे सतरा टाके

माझ्या गळ्यात बारा महिने एक रिपर असायचा. शिलाई उसवायचा, बोटभर लांबीचा, पुढे बारीक काटा असलेला. शर्टाच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं चेकर होते. कॉलर, कफ, काजं, जे वाकडं दिसेल ते उसवायचं आणि परत पाठवायचं. शिवणाऱ्या बायका मला पाठीमागे 'उसवण' म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. निवृत्त झाले त्या दिवशी ओळखपत्र परत केलं, एप्रन परत केला, लॉकरची किल्ली परत केली. रिपर तेवढा दिला नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोळ झाला तो या रिपराने झाला. म्हणजे माझ्याच हाताने झाला, पण माणूस आधी दुसऱ्याचं नाव घेतो.

आमचं घर दोन मजली. वर आम्ही नवराबायको, खाली माझी थोरली जाऊ. मोठे भाऊजी जाऊन नऊ वर्षं झाली आणि त्यांची लेक नोकरीच्या गावी असते, त्यामुळे खालच्या दोन खोल्यांत जाऊबाई एकट्याच. कारखान्याने मला शिलाई तपासायला शिकवलं, पण गोधडी शिवायला शिकवलं ते जाऊबाईंनी. त्यांचा धावदोरा असा की पुढून पाहा नाहीतर मागून, टाका तेवढाच आणि मधली जागाही तेवढीच. त्यात मला कधी खोट सापडली नाही, आणि शोधली नव्हती असं नाही.

लेकीने नवीन घर घेतलं तेव्हा जाऊबाईंनी तिच्यासाठी गोधडी घालायला घेतली. घरातले जुने पडदे, भाऊजींचे शर्ट, चादरींचे बरे राहिलेले तुकडे. मधोमध मात्र त्यांनी कोऱ्या निळ्या पॉपलिनचा चौकोन लावला, लेकीला निळा आवडतो म्हणून. मी नाक मुरडलं. सगळ्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडांत हे एकच कडक, नवंकोरं. शिवाय नव्या घट्ट कापडावर सुईची भोकं मिटत नाहीत. जुन्या सुती कापडावर उसवलं, नखाने जरा घासलं, की कुणाला पत्ता लागत नाही. जाऊबाई म्हणाल्या, तू रिपर लांब ठेव म्हणजे झालं.

गोधडी अर्धी झाली आणि जाऊबाईंना अर्धांगाचा झटका आला. सकाळी दूध आलं तरी दार उघडलं नाही म्हणून मी खाली गेले, तर त्या पलंगापाशी बसलेल्या, उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा. पंधरा दिवस इस्पितळात काढून घरी आल्या. पाय सावरला, बोलणं जरा जड झालं, पण उजवा हात काही हलेना.

व्यायाम करून घ्यायला एक बाई आठवड्यातून तीनदा यायची. तिने स्पष्टच सांगितलं होतं. उजवा हात परत येईल की नाही सांगता येत नाही, आता डाव्या हाताला कामाला लावा. चमचा, कंगवा, बटणं, सगळं डाव्याने. आणि लेकीनेही तितकंच स्पष्ट सांगितलं होतं, की महिनाअखेरीला मी येते, तोवर आई आपलं आपण करू लागली तर राहू दे इथेच, नाहीतर मी तिला घेऊन जाणार. तिचंही चूक नव्हतं. पण जाऊबाईंना जायचं नव्हतं. या दोन खोल्यांत त्यांना कुठला खिळा कुठे आहे ते डोळे मिटून माहीत होतं.

एवढं सगळं असून त्या डाव्या हाताने काही करायला तयार नसत. व्यायामाच्या बाईने दिलेला रबरी चेंडू खुर्चीखाली लोळत पडलेला. चमचा पुढे केला की अर्धा तोंडात, अर्धा अंगावर, मग चमचाच खाली. मला ते बघवायचं नाही. मी म्हणायचे, द्या इकडे, आणि भरवून मोकळी व्हायचे. बटणं मीच लावायची, केस मीच विंचरायचे. मला वाटायचं मी किती करतेय त्यांचं. आमचे हे एकदा म्हणाले, अगं, तू त्यांचा उजवा हात झालीस ते ठीक, डावा तरी त्यांचा त्यांना राहू दे. मी त्यांना वर जाऊन पेपर वाचायला सांगितलं.

गोधडी मी पुरी करायला घेतली. रोज सकाळी खाली यायचे, जाऊबाईंना खुर्चीत बसवायचे, समोर मोठ्या टेबलावर गोधडी पसरायची आणि दोरे घालत बसायचे. कमी उजेडात डोळ्यांना सुई ओवता येत नाही म्हणून दुपारीच बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची सवय. जाऊबाई बघत बसायच्या. 

एका रविवारी लेक येऊन गेली. गोधडी पाहून म्हणाली, काकू, मीही घालते दोन टाके. मी म्हटलं, घाल बाई. मग मी चहा करायला गेले.

त्या आठवड्यात मी कडेकडेचे दोरे घालत होते, मधला भाग घडीतच असायचा. मंगळवारी सकाळी ती घडी उलगडली तर निळ्या चौकोनावर वीतभर लांबीची एक ओळ. ओळ कसली, मुंगीला चक्कर आल्यासारखी. एक टाका गव्हाएवढा, पुढचा बोटाच्या पेराएवढा, मध्येच खाली घसरलेला, मध्येच दोरा ढिला सुटून त्याचा फास झालेला. एकूण सतरा टाके. माझे हात शिवशिवायला लागले.

"बघितलंत का तुमच्या लेकीचे प्रताप?" मी म्हटलं. "एवढी शिकली, पण सुई धरायची अक्कल नाही. लहान पोर बरं."

आणि रिपर काढला. माझ्या तोंडाचा पट्टा चालू आणि हातही चालू. एकेक टाका कच्चकन कापत, दोरा ओढत, मी लेकीच्या लहानपणापासूनच्या धांदरटपणाचा पाढा वाचला. जाऊबाई समोरच होत्या, हाताच्या अंतरावर. त्या माझ्याकडे नाही, रिपराच्या टोकाकडे बघत होत्या. सतराही टाके निघाले तेव्हा मी दोऱ्याचे तुकडे फुंकर मारून उडवले आणि म्हटलं, झालं एकदाचं.

मग मी पुढची सुई उचलली. 

दुसऱ्या दिवशी व्यायामाची बाई आली तर जाऊबाई भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं यांना? गेल्या आठवड्यापासून डाव्या बोटांत बरा जोर येत होता, मी खूश होते. मला कळेना जोर कशाने येत होता, चेंडूला तर धूळ बसलेली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, तेव्हा मी तिलाही चार शब्द सुनावले. म्हटलं, हौस असली तर नीट शिवावं, मला उसवायला लावू नये.

"मी कुठे शिवलं, काकू?" ती म्हणाली. "तू चहा केलास आणि मी निघाले. सुईला हातही लागला नाही माझा."

फोन ठेवला आणि टेबलाकडे पाहिलं. टेबलाच्या कडेला इस्त्री होती, मंगळवारपासून उचलायची राहिलेली. त्याआधी चार-पाच दिवस ती रोज सकाळी तिथे असायची आणि मी ती उचलून फळीवर ठेवायचे, मनात म्हणायचे, ही खाली येते कशी. उशीवरच्या सुया मोजल्या. अकरा. बारावी खुर्चीच्या हातावर, कापडाच्या घडीत खोचलेली सापडली, अजून निळा दोरा ओवलेली.

 मी सकाळी खाली येण्याआधी ही माझी जाऊ उठत होती. इस्त्रीचं वजन ठेवून कापड धरून ठेवत होती, कारण धरायला दुसरा हात नव्हता. ज्या हाताने जन्मात कधी सुई धरली नाही त्या हाताने रोज तीन नाहीतर चार टाके घालत होती. आणि मी त्यांच्या समोर बसून, त्यांच्या लेकीला नावं ठेवत, ते सगळे कापून काढले होते. लहान पोर बरं, असंही म्हटलं होतं. सव्वीस वर्षांत मी हजारो कॉलरी उसवल्या असतील. एकीसाठी रडले नव्हते, त्या संध्याकाळी जिन्यात बसून रडले.

माफी मागायची तर तोंड उघडेना. मग मला सुचलं ते माझ्या स्वभावाला धरूनच सुचलं, दुरुस्ती. निळं पॉपलिन खिडकीशी धरलं. भोकं होती. मीच म्हटलं होतं तसं, एकही मिटलं नव्हतं. तोच दोरा घेतला आणि त्याच भोकांतून, जसं होतं तसं, गव्हाएवढ्याला गव्हाएवढा, पेराएवढ्याला पेराएवढा, खाली घसरला तिथे घसरवून, सतरा टाके पुन्हा घातले. ढिल्या दोऱ्याचा फाससुद्धा ठेवला. इतकं वाकडं काम इतक्या नेटाने मी कधी केलं नव्हतं.

सकाळी त्यांना खुर्चीत बसवलं आणि गोधडी मांडीवर ठेवली, निळा चौकोन वर येईल अशी.

"चुकले मी," म्हटलं. "मला कळलं नाही. तुमची ओळ तुम्हाला परत."

त्यांनी डाव्या हाताचं बोट ओळीवरून फिरवलं. मग कापड उलटून मागची बाजू पाहिली. मागे मी सवयीप्रमाणे दोरा तीनदा मारून पक्का केला होता. ती गाठ त्यांनी नखाने दाबून पाहिली.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

"भोकं तुमचीच आहेत, जाऊबाई. एकही नवीन पाडलं नाही."

"भोकं माझी." त्या थांबल्या, शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा. "टाके तुझे."

मग त्यांचा डावा हात वर आला. मला वाटलं, आता थोबाडीत देतात, आणि दिली असती तरी चाललं असतं. हात माझ्या गळ्यापाशी आला आणि त्यांनी रिपर धरला. दोरी डोक्यातून काढायला मीच मान खाली घातली.

सतरा टाके उसवायला त्यांना पाऊण तास लागला. दोनदा रिपर खाली पडला. दोन्ही वेळा मी वाकले आणि दोन्ही वेळा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, मी परत बसले. आपला हात आपल्याच मांडीखाली दाबून बसण्याची पाळी माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या टाक्याला कापडाला बारीक चीर गेली. मी डोळे मिटले. उघडले तर त्या पाचव्यावर होत्या.

सगळे निघाल्यावर त्यांनी इस्त्रीकडे बोट दाखवलं. मी उठले.

"तू नको," त्या म्हणाल्या. स्वतः उठल्या, टेबल धरत गेल्या, इस्त्री ओढत आणली आणि कापडावर ठेवली. मग सुई. पहिला टाका चांगला हरभऱ्याएवढा पडला. जुन्या भोकांत नाही, त्याच्या खाली, नव्या जागी.

तेवढ्यात व्यायामाची बाई आली. जाऊबाईंनी मान वर न करता सांगितलं, "बस जरा. काम चालू आहे."

त्या महिन्यात मी तीन गोष्टी शिकले. चमचा पडला तरी पडू द्यायचा. बटण एक घर चुकलं तरी माणूस बाहेर बसू शकतं. तिसरी आमच्या ह्यांना आधीच माहीत होती, आणि ते त्यांनी मला रोज ऐकवलं, त्यामुळे ती सांगत नाही.

महिनाअखेरीला लेक आली. आईने तिला दार उघडलं, डाव्या हाताने कपात चहा ओतून दिला, थोडा बशीत सांडला. आईचे कपडे भरायला म्हणून आणलेली मोठी पिशवी लेकीने घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवली. मग मी गोधडी उलगडली. तिने ती गालाला लावली, भाऊजींच्या शर्टाचा तुकडा ओळखला, डोळे पुसले. नंतर बोट निळ्या चौकोनावर थांबलं. तिथे वेड्यावाकड्या नऊ ओळी होत्या, वर एक ओळ नुसत्या भोकांची आणि एक बारीक चीर.

"काकू, बाकी सगळं किती सुंदर झालंय," ती हळूच मला म्हणाली. "एवढं निळं तेवढं उसवून नीट करून दे ना. तू करतेस ना नेहमी."

माझा हात सवयीने गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं.

"रिपर माझ्याकडे नाही," मी म्हटलं. "तुझ्या आईकडे आहे."

लेकीने वळून पाहिलं. जाऊबाई खुर्चीत बसल्या होत्या, गळ्यात रिपर, त्यावर डावा हात.

"लावून तर बघ हात," त्या म्हणाल्या.