कोरं कापड

"नाक धरा गं," म्हणत सुनेने दानाच्या कपड्यांच्या गठ्ठ्याची दोरी कापली. शेडमधल्या बाकीच्या बायका दोन पावलं मागे सरकल्या.

या वासाचं आताशा काही वाटत नाही, असं ती सगळ्यांना सांगे. ते साफ खोटं होतं. परक्या घरांचा, परक्या अंगांचा तो कुबट वास घशात जाऊन बसायचा आणि जेवायला बसलं की घासाबरोबर वर यायचा. आज निघाल्या त्या गुडघ्यावर फाटलेल्या पँटी, जोडीदार हरवलेले मोजे आणि चक्क पोहण्याचा पोशाख, तोही प्यायचं पाणी टँकरने येणाऱ्या छावणीसाठी. एका कोटाच्या खिशात शेंबडाने कडक झालेला रुमाल होता. कोटाखाली बायकांच्या आतल्या कपड्यांचं बोचकं, डागांसकट. कुठल्याशा शहरात कुणी कपाट रिकामं केलं होतं आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतलं होतं.

"तोंड कशाला वाकडं करता, बाई?" स्टोअरवाला खुर्चीतून म्हणाला. "धर्माची गाय अन् दात का गं नाय."

"दात नसू देत हो. गाय तरी असू द्या. हे नुसतं शेण आहे."

बायका हसल्या. सुनेला हसू आलं नाही. तिचं लक्ष आज कपड्यांत निराळ्याच कारणाने होतं.

पन्नाशीला टेकली तरी सगळी छावणी तिला सूनच म्हणायची, कारण तिची सासू छावणीभर प्रसिद्ध होती. लढाईत गाव सुटलं तेव्हा चार दिवसांत परत जायचं म्हणून म्हातारी दोन झगे घेऊन निघाली. त्या चार दिवसांना आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात मुलगा गेला, तंबूच्या जागी पत्रे आले. म्हातारीने मात्र दानाचा एक धागा अंगाला लावून घेतला नाही. "उष्टं अंगावर घालायचं नाही," एवढंच म्हणायची. एका झग्याची ठिगळं दुसऱ्याला लावून लावून मूळ झगा कुठला आणि ठिगळ कुठलं, हे कळेनासं झालं होतं.

सुनेला या ताठ्याचा मनस्वी राग यायचा. एकदा ती बोलून गेली होती, "अन्नही फुकटच्या पोत्यातून येतं. ते कसं गोड लागतं?"

"अन्न शिजवलं की आपलं होतं," म्हातारी म्हणाली होती. "कपडा नाही होत."

नर्सबाईंनी आज सकाळी म्हातारीला तपासून सांगितलं की, आता एखादा दिवस. त्या गेल्यावर म्हातारीने सुनेचं मनगट धरलं. "मला जाताना उष्टं घालू नकोस."

"नाही घालणार," सून म्हणाली. पण घरात कोरं म्हणावं असं फडकंसुद्धा नव्हतं.

गठ्ठ्याच्या तळाशी तिला तो सापडला. फिकट निळा झगा, घडीत पुठ्ठा, गळ्याला टाचण्या. तिने तो छातीशी धरला. स्टोअरवाला खुर्चीतून उठलाच. नवं निघालं की कपाटात, हा त्याचा नियम. कपाटातलं पुढे त्याच्या मेहुणीच्या अंगावर दिसायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सासूला हवा आहे. फार वेळ नाही तिच्याकडे," सून म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याकडे काही मागत होती, आणि मागताना तिला स्वतःचीच किळस आली.

"अहो, जाणाऱ्या माणसाला नवं काय अन् जुनं काय? इथं जितेजागते उघडे फिरतात." त्याने झगा तिच्या हातातून हलकेच सोडवून घेतला. "धुतलेला गुलाबी आहे, तो न्या. छान आहे."

उघडे फिरतात हे खरंच होतं. खऱ्याचाच आडोसा करून हा माणूस चोरी करत होता. रडू येऊ नये म्हणून तिने खाली पाहिलं. पायाखाली गठ्ठ्याचं वेष्टण पसरलं होतं. जाड, पांढरं मांजरपाट. बाहेरच्या अंगाला दान पाठवणाऱ्या संस्थेच्या शिक्क्याची काळी अक्षरं आणि धूळ, आतून स्वच्छ. आजवर याच कापडाने ती फरशी पुसत आली होती.

"हे नेऊ?"

"ती चिंधी? न्या की."

घरी येऊन तिने कापड दोनदा साबणाने धुतलं. धूळ गेली, शाई जाईना. उन्हात वाळवून ती सासूच्या उशाशी शिवायला बसली. म्हातारीने हात लांब करून कापड चाचपलं, नाकाशी नेलं.

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"कडक आहे."

"नवं आहे ना."

म्हातारीची बोटं शिवणीवरून सरकत बटणांपाशी थांबली. ती सुनेने एका जुन्या कोटाची काढून लावली होती. "ही उष्टी आहेत," म्हातारी म्हणाली.

सुनेने बटणं दाताने तोडून बाहेर फेकली आणि उरलेल्या कापडाचे बंद शिवले. पंचवीस वर्षांत सासूचं म्हणणं तिला आज पहिल्यांदा पटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी गेली. सुनेने तिला एकटीनेच आंघोळ घातली आणि झगा चढवला. शाईची अक्षरं तिने आतल्या बाजूला, पाठीवर येतील अशी शिवली होती.

शेजारणी जमल्या. त्यातली एक वाकली, बाहीवरून हात फिरवून हळूच म्हणाली, "कोरं करकरीत आहे गं. शेडमधून आणलंस?"

"नाही," सून म्हणाली. "घरचं आहे."